कविता ही कृती असेल, तर तिचा हिशोब कुणी द्यायचा? : अमिरी बराका यांच्याविषयी



आजचा विषय आहे अमिरी बराका. कवी, नाटककार, जॅझचे समीक्षक, शिक्षक आणि राजकीय कार्यकर्ते. ७ ऑक्टोबर १९३४ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात न्यूअर्क शहरात जन्मले आणि ९ जानेवारी २०१४ ला त्याच शहरात गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ जानेवारीला, मुंबईत नामदेव ढसाळ गेले. त्या आठवड्यात आपल्याकडे अर्थातच ढसाळांविषयी भरभरून बोललं गेलं. बराकांची बातमी आतल्या पानावर कुठेतरी आली असेल. पण दोघांच्या बाबतीत वाचकांना पडलेला प्रश्न बराचसा सारखा आहे. ज्याच्या शब्दांनी एका अख्ख्या समाजाला आवाज मिळाला, त्याचेच काही शब्द, काही निर्णय आपल्याला मान खाली घालायला लावतात. अशा लेखकाचं काय करायचं?

तुलना आम्ही इथेच थांबवतो. एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट केलेली बरी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा नाव ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं होतं, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे त्या काळातला प्रत्येक कृष्णवर्णीय बंडखोर लेखक म्हणजे पँथर, असा एक समज आपल्याकडे असतो. बराका पँथर नव्हते. साठच्या दशकाच्या शेवटी ते मौलाना करेंगा यांच्या सांस्कृतिक राष्ट्रवादाच्या बाजूला होते. करेंगांची संघटना आणि पँथर यांच्यात इतकं वैर होतं की १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गोळीबार होऊन दोन पँथर मारले गेले. म्हणजे तिकडेही चळवळ एकसंध नव्हती. हे लक्षात ठेवलं तर पुढचं समजणं सोपं जाईल.

बराकांबद्दल साधारण दोन प्रकारे बोललं जातं. पहिला प्रकार असा, की ते ज्यूद्वेष्टे होते, समलैंगिकांना शिव्या देणारे होते, बायकांना दुय्यम मानणाऱ्या संघटनेचे नेते होते, तेव्हा विषय संपला. दुसरा प्रकार असा, की ते फार मोठे कवी होते, काळच तसा होता, कविता शब्दशः घ्यायची नसते, तेव्हा तोही विषय संपला. दोन्हीकडे विषय लवकर संपतो, हीच अडचण आहे. आणि दोन्हीकडे बराकांचं स्वतःचं म्हणणं ऐकलंच जात नाही. त्यांचं म्हणणं होतं की कविता ही कृती असते. ती जगात काहीतरी घडवते, घडवलं पाहिजे. आपण आज त्यांचंच हे मोजमाप हातात घेऊ आणि त्यांना लावून बघू.

आधी थोडा जीवनपट. घर मध्यमवर्गीय. वडील टपाल खात्यात, आई समाजसेवेच्या क्षेत्रात. मूळ नाव एव्हरेट लिरॉय जोन्स. पुढे त्यांनी लिरॉयचं स्पेलिंग फ्रेंच वळणाचं करून घेतलं. नावाशी खेळणं तेव्हापासून आहे. रटगर्स विद्यापीठात एक वर्ष काढून ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात, आणि पदवी न घेता बाहेर पडले. मग हवाई दल. तिथे कुणीतरी निनावी पत्र पाठवलं की हा माणूस कम्युनिस्ट आहे. त्यांच्याकडची पुस्तकं तपासली गेली आणि त्यांना दलातून काढून टाकलं. वाचनावरून शिक्षा होण्याचा हा पहिला अनुभव.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये आले. १९५८ मध्ये हेटी कोहेन या ज्यू कुटुंबातल्या लेखिकेशी लग्न केलं. दोघांनी मिळून 'युगेन' नावाचं छोटं नियतकालिक काढलं. टोटेम प्रेस ही प्रकाशनसंस्था चालवली आणि ॲलन गिन्सबर्ग, जॅक केरुआक अशा बीट पिढीच्या लेखकांचं साहित्य छापलं. हेच गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात फिरत होते आणि मुंबईच्या तरुण कवींच्या बैठकीत बसत होते. आपल्या लघुनियतकालिकांच्या लोकांना ते जग अगदीच परकं नव्हतं, ते यामुळे.

१९६० मध्ये लिरॉय जोन्स क्युबाला जाऊन आले. तिथे लॅटिन अमेरिकेतल्या तरुण लेखकांनी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही राजकारणापासून अंग काढून कविता कशी लिहिता? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. १९६१ मध्ये पहिला संग्रह आला. तो वाचताना दिसतो तो एकटा, थकलेला, स्वतःशी बोलणारा माणूस. १९६३ मध्ये 'ब्लूज पीपल' आलं आणि १९६४ मध्ये 'डचमन' हे नाटक. आमच्या मते या दोन कलाकृतींवर बराकांचं मोठेपण आजही भक्कम उभं आहे.

'ब्लूज पीपल' हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास आहे. एका कृष्णवर्णीय लेखकाने एवढ्या विस्ताराने हे काम आधी केलेलं नव्हतं. त्यांचा मुद्दा साधा पण दूरवर जाणारा आहे. संगीत बदललं ते कुणा एका कलाकाराच्या लहरीमुळे बदललं नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेला माणूस, गुलाम, कागदोपत्री स्वतंत्र झालेला शेतमजूर, उत्तरेच्या शहरात आलेला कामगार अशी माणसाची जागा बदलत गेली, तसा त्याचा सूर बदलला. सुराचा अभ्यास म्हणजे समाजाचा अभ्यास. राल्फ एलिसन या थोर कादंबरीकाराने यावर कडक टीका केली. समाजशास्त्राच्या ओझ्याखाली गाणंच दबून जातं, असा तिचा रोख होता. एलिसन यांचं म्हणणं खोटं नाही. काही प्रकरणांत सिद्धांत पुढे आणि गाणं मागे राहतं. पण आपल्याकडे लावणी, पोवाडा, जलसा यांच्याकडे पाहताना ते गाणारे कोण, कुठे बसून गात, ऐकणारे कोण, हे प्रश्न आपण विचारतो ना? तेच प्रश्न बराकांनी १९६३ मध्ये जॅझला विचारले.

आता 'डचमन'. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये ते पहिल्यांदा झालं आणि त्याला ओबी पुरस्कार मिळाला. नाटक छोटं. भुयारी रेल्वेचा डबा. क्ले नावाचा विशीतला कृष्णवर्णीय तरुण, नीटनेटका सूट घातलेला, वाचणारा. त्याच्या शेजारी लूला नावाची गोरी बाई येऊन बसते. सफरचंद खाते, त्यालाही देते. लाडात येते, चिडवते, मग अपमान करते. तू गोऱ्यांची नक्कल करणारा आहेस, असं डिवचत राहते. क्ले बराच वेळ सभ्यपणे सहन करतो आणि मग फुटतो. त्याचं जे लांब भाषण आहे, त्याचा आशय असा : तुम्ही बेसी स्मिथचं गाणं ऐकून, चार्ली पार्करचा सॅक्सोफोन ऐकून माना डोलावता. त्यात काय दाबलेलं आहे ते तुम्हाला कळत नाही. त्यांनी तुम्हाला मारलं असतं, तर त्यांना गाण्याची गरजच उरली नसती. आमची कविता, आमचं संगीत हे न केलेल्या खुनाच्या जागी उभं आहे. आणि एवढं बोलून क्ले म्हणतो की मला माझे शब्दच बरे. तो डब्यातून उतरायला निघतो, आणि लूला त्याला भोसकते. डब्यातले बाकीचे प्रवासी प्रेत उचलून बाहेर टाकतात. थोड्या वेळाने हातात पुस्तकं घेतलेला दुसरा कृष्णवर्णीय तरुण डब्यात येतो. लूला त्याच्याकडे बघते.

हे नाटक इतकं का टोचतं? कारण त्यात कुणालाच सुटका नाही. क्ले बरोबर बोलतो म्हणून वाचत नाही. लूला दुष्ट आहे, पण ती क्लेबद्दल जे बोलते त्यातलं काही खरंही आहे. आणि ते प्रवासी, ज्यांना संवाद जवळजवळ नाहीत, ते तर आपणच प्रेक्षागृहात बसलेले. नाटककार इथे सगळ्यांचं ऐकतो आहे, स्वतःच्या शत्रूचंही. क्लेमध्ये त्या वेळच्या लिरॉय जोन्स यांचा बराच अंश आहे, आणि त्यांनी त्याला मारून टाकलं.

आता पुढचं आयुष्य या नाटकाच्या उजेडात बघा. शब्द निवडणारा माणूस मारला जातो, हे ज्याने लिहिलं, त्याने स्वतः पुढे काय निवडलं? २१ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्यानंतर लिरॉय जोन्स ग्रीनिच व्हिलेज, पत्नी हेटी आणि दोन लहान मुली यांना सोडून हार्लेममध्ये गेले. तिथे त्यांनी ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर अँड स्कूल सुरू केलं. नाटक रस्त्यावर, चौकात, मोकळ्या मैदानात. संस्था फार टिकली नाही, पण तिथून ब्लॅक आर्ट्स चळवळीला नाव आणि रूप मिळालं. शहराशहरांत छोटे रंगमंच, नियतकालिकं, प्रकाशनं उभी राहिली. सूत्र एकच : कविता ही शोभेची वस्तू नाही, ती हत्यार आहे.

या निर्णयाची किंमत कुणी दिली, तेही सांगायला हवं. हेटी जोन्स यांनी १९९० मध्ये आत्मकथन लिहिलं. त्यात त्या काळाचा, त्या नियतकालिकाच्या कामाचा आणि दोन मुलींना घेऊन मागे राहण्याचा हिशोब आहे. क्रांतीला निघालेल्या माणसाच्या मागे घरात कोण उरतं, हा प्रश्न आपल्याकडच्या कार्यकर्त्यांच्या पत्नींनीही आत्मकथनांतून विचारला आहे. बराका वाचणाऱ्याने हेटी यांचं पुस्तक सोबत वाचावं, असं आम्ही सुचवू.

पुढे ते न्यूअर्कला परतले. स्पिरिट हाउस उघडलं. अमिना बराका यांच्याशी लग्न झालं. आणि जुलै १९६७ आला. पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला मारहाण केली आणि शहर पेटलं. २६ माणसं गेली. त्या धामधुमीत बराकांना अटक झाली, पोलिसांनी त्यांना बेदम मारलं, आणि बेकायदा शस्त्रं बाळगल्याचा आरोप ठेवला. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी काय केलं? बराकांची एक कविता भर कोर्टात वाचून दाखवली, शिव्यांचे शब्द गाळून. ती कविता छापून आली होती डिसेंबरमध्ये, म्हणजे अटकेनंतर पाच महिन्यांनी. अडीच ते तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती रद्द झाली आणि फेरसुनावणीत ते निर्दोष सुटले.

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. न्यायाधीशाने कवितेला पुरावा मानलं, हा उघड अन्याय होता. बंदूक होती की नव्हती, हे कवितेवरून ठरत नाही. पण 'ती तर नुसती कविता' असा बचाव बराकांच्या वतीने आपण करायला गेलो, तर ते स्वतःच आपल्याला अडवतील. त्यांना 'नुसती कविता' नकोच होती. मग मार्ग काय? आमच्या मते, कोर्टाचा हिशोब वेगळा आणि वाचकाचा वेगळा. कविता लिहिली म्हणून कुणालाही तुरुंगात टाकता येणार नाही, ही गोष्ट पक्की. पण तुरुंगात टाकता येत नाही म्हणून वाचकाने जाब विचारायचा नाही, असं होत नाही.

तर जाब विचारू. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही कवितांत ज्यू माणसांविषयी सरळ हिंसेची भाषा आहे. समलैंगिकांविषयी गलिच्छ शब्द आहेत. कविता हत्यार असावी असं सांगणारी त्यांची सगळ्यात प्रसिद्ध कविताही याला अपवाद नाही. बचाव असा केला जातो की हे प्रतीक आहे, रोख व्यवस्थेवर आहे. पण व्यवस्थेवर रोख असेल तर नाव व्यवस्थेचं घ्यावं. तिथे नाव शेजारच्या दुकानदाराचं, घरमालकाचं, त्याच्या धर्माचं घेतलं आहे. आणि हे लिहिणारा माणूस नुकताच एका ज्यू कुटुंबातल्या स्त्रीशी असलेला संसार मोडून बाहेर पडला होता. स्वतःच्या आयुष्यातला एक भाग कापून टाकायचा, आणि त्यासाठी एका अख्ख्या समाजावर सुरी चालवायची, असं काहीसं तिथे झालं आहे. 'डचमन'मध्ये शत्रूला चेहरा होता, आवाज होता. या कवितांत शत्रू फक्त जातीने ओळखला जातो. जन्मावरून माणूस ओळखण्याची सवय काय करते, हे आपल्याला इथे वेगळं सांगायला नको.

बराका बदलले का? बदलले, आणि एकदा नाही. १९७० मध्ये न्यूअर्कला केनेथ गिब्सन हे पहिले कृष्णवर्णीय महापौर मिळाले, त्यामागे बराकांच्या संघटनेचं मोठं काम होतं. १९७२ मध्ये इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात कृष्णवर्णीयांचं राष्ट्रीय राजकीय अधिवेशन भरलं, त्याच्या प्रमुख आयोजकांत ते होते. त्याच सुमारास त्यांनी कवाइदा टॉवर्स नावाचा घरबांधणी प्रकल्प हाती घेतला. गोऱ्या वस्तीतून जोरदार विरोध झाला, आपलेच निवडून आणलेले लोक ठामपणे पाठीशी राहिले नाहीत, आणि ती इमारत कधी उभी राहिलीच नाही. आपल्या रंगाचा माणूस खुर्चीवर बसला म्हणजे आपलं राज्य आलं असं नसतं, हा धडा त्यांना न्यूअर्कने दिला. १९७४ मध्ये त्यांनी राष्ट्रवाद सोडला, नावातली 'इमामू' ही उपाधी सोडली आणि मार्क्सवाद स्वीकारला. संघटनेतल्या पुरुषी शिकवणुकीवर अमिना यांनी आतून टीका केली होती. आत्मचरित्रात बराकांनी तिची दखल घेतली आहे. १९८० मध्ये एका साप्ताहिकात त्यांनी आपल्या जुन्या ज्यूद्वेषाविषयी लेख लिहून तो नाकारला.

म्हणजे दुरुस्ती झाली, असं म्हणता आलं असतं. पण २००२ आलं.

त्या वर्षी ते न्यू जर्सीचे राजकवी नेमले गेले. सप्टेंबरमध्ये एका मोठ्या कविता महोत्सवात त्यांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावरची दीर्घ कविता वाचली. ती हल्ल्यानंतर लगेचच, २००१ मध्ये लिहिलेली. तिची रचना प्रश्नांची आहे. कुणी केलं, कुणी लुटलं, कुणी विकलं, कुणाचा फायदा झाला, असा 'कोण' हा एकच शब्द घणासारखा आपटत राहतो. गुलामगिरीपासून वसाहतवादापर्यंतचे गुन्हे ती एकापाठोपाठ एक विचारत जाते. ऐकायला ती विलक्षण आहे. बराकांचा आवाज, मध्येच जॅझचा सूर गुणगुणणं, थांबणं. आणि त्यातच एक जागा येते, जिथे चार हजार इस्रायली कामगारांना त्या दिवशी इमारतीत न जाण्याची सूचना आधीच मिळाली होती, असं सुचवलं आहे. ही त्या वेळी पसरलेली अफवा होती आणि ती खोटी होती. त्या हल्ल्यात शेकडो ज्यू माणसं मेली, त्यांत इस्रायली नागरिकही होते.

गव्हर्नरांनी राजीनामा मागितला. बराकांनी नकार दिला. कायद्यात राजकवीला काढण्याची तरतूदच नव्हती. तेव्हा २००३ मध्ये विधिमंडळाने ते पदच रद्द केलं. एका कवीला गप्प करण्यासाठी सरकारने कवितेची खुर्चीच मोडून टाकली. हे चूकच होतं, आणि हास्यास्पदही. पण सरकार चुकलं म्हणून कविता बरोबर ठरत नाही. बराकांनी शेवटपर्यंत ती ओळ मागे घेतली नाही.

आमचा आक्षेप त्या कवितेच्या आतूनच येतो. तिची सगळी ताकद कशात आहे? सत्तेला जाब विचारण्यात. खोटं कोण पसरवतं, त्यातून कुणाचं फावतं, हे विचारण्यात. अशा कवितेने स्वतःच न तपासलेली खोटी बातमी पुढे पाठवली, तर तिच्या बाकीच्या शंभर खऱ्या प्रश्नांचा पाया ढिला होतो. ज्यांना ते प्रश्न ऐकायचेच नव्हते, त्यांच्या हातात तिने आयतं कारण दिलं. आणि झालंही तसंच. त्या चार हजारांवर चर्चा झाली, गुलामगिरीवर झाली नाही. आज आपल्या हातातल्या फोनवर रोज अशा गोष्टी येतात, आपल्या बाजूच्या, आपल्या रागाला पटणाऱ्या. आपल्या बाजूची आहे म्हणून खरी मानायची, हा मोह कवीलाही होतो आणि कार्यकर्त्यालाही. ज्याची बाजू न्यायाची आहे, त्याला हा मोह जास्त महाग पडतो.

मग वारसा म्हणून काय उरतं? पुष्कळ उरतं. ऑगस्ट विल्सन या मोठ्या नाटककाराने १९६८ मध्ये पिट्सबर्गला सहकाऱ्यांबरोबर रंगमंच सुरू केला, तिथे बराकांची नाटकं केली, आणि आपल्यावरच्या मुख्य प्रभावांत त्यांचं नाव कायम घेतलं. कविता ही उभं राहून, आवाजाने, लोकांसमोर सादर करायची गोष्ट आहे, ही आजच्या तरुण अमेरिकन कवींची समज घडवण्यात ब्लॅक आर्ट्स चळवळीचा वाटा मोठा आहे. हेटी आणि त्यांची मुलगी केली जोन्स आज कृष्णवर्णीय कलेची नावाजलेली इतिहासकार आहे. बराका जानेवारी २०१४ मध्ये गेले आणि मे महिन्यात त्यांचा मुलगा रास बराका न्यूअर्कच्या महापौरपदाची निवडणूक जिंकला. ज्या शहराच्या पोलिसांनी बापाला मारलं होतं, त्याच शहराचा मुलगा प्रमुख झाला.

आता आमचा निष्कर्ष. बराकांचं चांगलं साहित्य आणि वाईट साहित्य यांत राग हा फरक नाही. राग दोन्हीकडे आहे, आणि त्या रागाला कारणं होती. फरक ऐकण्याचा आहे. 'ब्लूज पीपल'मध्ये ते गाणाऱ्याचं ऐकतात, 'डचमन'मध्ये मारणाऱ्याचंही ऐकतात. जिथे उत्तर आधीच ठरलेलं आहे, तिथे त्यांची कविता घोषणा होते आणि कधीकधी अफवा होते. म्हणून त्यांना टाकून देऊ नये आणि त्यांच्यावर पांघरूणही घालू नये. कविता ही कृती आहे, हे त्यांचं म्हणणं आपण मान्य करू. पण मग प्रत्येक कृतीप्रमाणे तिचं श्रेय त्यांचं, आणि तिने केलेल्या जखमेची जबाबदारीही त्यांचीच. इतकं गंभीरपणे त्यांना घेणं, हाच त्यांचा खरा मान आहे असं आम्हाला वाटतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी 'डचमन'पासून करावी. तासाभरात वाचून होतं. वाचून झाल्यावर त्या डब्यात आपण नेमके कुठे बसलो होतो, एवढं फक्त स्वतःला विचारावं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.